चिंचेपाशी वारा गरम होतो

संगणकाच्या पेटीतून बाहेर पडणाऱ्या वाऱ्यावर तळहात धरून, त्या वेळी पडद्यावर कोणते चित्र आहे हे न पाहता सांगता येईल का? या लेखात मी एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहे. प्रश्न मूळचा माझा नाही. जन्मभर शेळ्या राखलेल्या एका वृद्ध गृहस्थांमुळे तो मला पडला. उत्तर मला अर्धेच सापडले आहे, हेही आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी वाचकांचा विरस होणार नाही.

मी एकतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर केजमध्ये घराच्या पुढच्या खोलीत मी तापणारे संगणक थंड करून देण्याचे काम करते. पाटीवर तेवढेच लिहिले आहे. गिऱ्हाईक आत येते, चष्मा कपाळावर सरकवून बसलेल्या साडीतल्या बाईकडे पाहते आणि विचारते, "सर हायत का?" मी सांगते, सर नाहीत, मीच आहे. मग ते खुर्चीच्या कडेवर बसते, शाळेत उशिरा आलेली मुले बसत तसे.

प्रथम काम समजावून सांगते. ज्या संगणकावर चित्रपटासारखी हलती चित्रे तयार करायची असतात, त्यात ग्राफिक्स कार्ड नावाचा एक स्वतंत्र भाग असतो. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका कोणत्या रंगाचा, उजेडात की सावलीत, याचा हिशेब तो करतो. हा हिशेब लहानशा बिस्किटाएवढ्या एका चकतीत चालतो, आणि काम भरात असले की त्या चकतीतून जवळजवळ इस्त्रीच्या एक-तृतीयांश इतकी उष्णता निघते. ती काढून घेतली नाही तर कार्ड आधी मंद होते आणि मग स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडते. सोबत आलेले पंखे सौम्य हवामानात पुरतात. आमच्याकडे एप्रिलमध्ये पत्र्याखालच्या खोलीतली हवाच चाळीसच्या वर असते. तिथे पंखा म्हणजे गरम हवा ढवळण्याचे साधन.

अशा वेळी मी पाण्याची मदत घेते. तांब्याचा एक ठोकळा चकतीवर घट्ट बसवायचा. त्याच्या पोटात केसासारख्या बारीक खाचा असतात, त्यांतून पाणी जाते, ऊन होते, नळीने वर चढते, पेटीच्या माथ्यावर बसवलेल्या जाळीदार रेडिएटरमध्ये जाते, तिथे पंखे त्यावरून हवा ओढतात, आणि थोडे निवलेले पाणी टाकीत उतरून पंपाच्या जोराने पुन्हा ठोकळ्याकडे निघते. पाणी थंड करते असे आपण बोलतो, पण नीट पाहिले तर ते फक्त वाहून नेते. तलावातला गाळ काढताना माणसे रांगेने उभी राहून पाट्या हातोहात पुढे देतात, तसे. गाळ नाहीसा होत नाही, बांधावर जातो. उष्णताही नाहीशी होत नाही. ती खोलीत येते. म्हणून मी कुणालाही संगणक बर्फासारखा होईल असे सांगत नाही. खोलीच्या हवेपेक्षा पाणी कधीच गार होणार नाही, हे वाक्य मी प्रत्येकाकडून वदवून घेते.

लोक तरीही आपापली युक्ती करून येतात. सिरसाळ्याचे एक आडत व्यापारी संगणक उघडा ठेवून त्यावर पाण्याचा कूलर सोडत. महिनाभरात आतल्या हिरव्या सर्किटच्या पाटीवर क्षारांची पांढरी साय आली. "मॅडम, कूलर माणसाला गार करतो, मशीनला कावून न्हाई करीत?" त्यांनी विचारले. प्रश्न उत्तम होता. मी म्हणाले, माणसाला घाम येतो, तो कूलरच्या वाऱ्याने वाळतो, म्हणून गार वाटते. मशीनला घाम येतो का? त्यांनी त्या पांढऱ्या सायीवरून बोट फिरवले. "न्हाई," ते म्हणाले, "घाम आमालाच येतो, मशीनचं बिल बघून."

आष्टीहून लग्नाचे व्हिडिओ करणारे दोघे मित्र आले होते. त्यांना नळ्यांतून हळदीच्या रंगाचे पाणी खेळायला हवे होते, गिऱ्हाइकावर छाप पडावी म्हणून. रंग खाचांत साचतो, असे मी सांगितले. एकाला पटले. दुसरा म्हणाला, "बे, मग रंग न्हाई तर ह्या मशीनला लगीनघरचं म्हनायचं कसं?" त्यांना मी पाणी स्वच्छ ठेवून बाहेर पिवळा दिवा लावून दिला. त्या उजेडात पाणी हळदीचे दिसे. दोघेही खूश झाले, आणि मीही, कारण खोटे काही न करता ते साधले होते.

आता नांदूरघाटची हकीकत.

भागवत हा तिथला तिशीतला गृहस्थ. पुण्यातल्या बांधकाम व्यावसायिकांसाठी तो घरी बसून, अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रे संगणकावर करतो. गिऱ्हाइकाला त्या चित्रातल्या जिन्यावरून वर जाता येते, खिडकीतून खाली पाहता येते. फेब्रुवारीच्या अखेरीस तो आपला संगणक शेल्यात गुंडाळून घेऊन आला. सोबत वडील होते, किसनआबा. डोक्याला पागोटे, हातात काठी, आणि चालताना मान सावकाश दोन्ही बाजूंना वळवण्याची सवय.

"मॅडम, चिंचेपाशी गेलं की बंद पडायलंय," भागवत म्हणाला.

"काय बंद पडतं?"

"मशीन. गावात समदीकडं फिरतंय. चिंचेखाली गेलं की पडदा काळा."

"कोणत्या गावात?"

उत्तर आबांनी दिले. "आमच्या जुन्या. धरणात गेलं ते."

त्यांचे गाव धरणाच्या पाण्याखाली जाऊन बरीच वर्षे झाली होती. भागवतने ते पाहिलेले नव्हते. त्याने ते आबांना विचारून विचारून संगणकात उभे केले होते, आणि आबांनी ते ज्या रीतीने सांगितले ती रीत मला आजही थक्क करते. आबा गावातल्या सगळ्यांच्या शेळ्या राखत. सकाळी एका टोकाहून निघायचे, प्रत्येक दारातून शेळ्या निघून कळपात मिळायच्या. त्यामुळे त्यांना गाव आठवत होते ते शेळ्या मिळण्याच्या क्रमाने. सोनाराची कबरी पहिली. मग उजव्या हाताला शिंप्याच्या दोन, त्यांतली एक पायरी उतरताना अडायची, म्हणजे शिंप्याला पायरी होती आणि ती उंच होती. तेल्याच्या घरापुढे कळप दाटायचा, म्हणजे गल्ली तिथे अरुंद. असे करत करत गावाबाहेर तीन चिंचा. दुपारी तिथे कळप बसायचा. पुढे नदी.

मी संगणक चालू करून पाहिला. सोनाराच्या दारापासून आम्ही निघालो. मातीच्या भिंतींवर सकाळचे ऊन होते. कोनाड्यात पणतीचा काळा डाग होता. कुठेही माणूस नव्हते, शेळी नव्हती, फक्त दारे उघडी होती, जणू सगळे आताच कळपाबरोबर पुढे गेले आहेत. गल्ली संपली, उतार आला, चिंचांचे शेंडे दिसू लागले, पेटीतले पंखे किंचाळू लागले, आणि पडदा काळा झाला.

कारण सोपे होते. चिंचेचे पान किती लहान असते ते आठवावे. भागवतने प्रत्येक पान वेगळे काढले होते, आणि कार्डाला प्रत्येक पानाची सावली मोजावी लागत होती.

"थोडी पानं कमी करा," मी सुचवले.

"आबा वळखतेत," भागवत म्हणाला. "एकदा कमी केलती. म्हनले, ही चिंच आजारी हाय."

मग त्याने, आबा अंगणात पाणी प्यायला गेले तेव्हा, खरी गोष्ट सांगितली. आबांना काचबिंदू झाला होता. नजर कडेकडून आत विझत येत होती. गेलेली परत येणार नव्हती. समोरचे अजून दिसत होते. "डॉक्टर म्हनले, पावसाळ्यापतोर कसं ऱ्हाईल सांगता यायचं न्हाई. मला त्येंना समदं गाव एकदा दाखवायचंय, मॅडम. आन् त्येंनी बघितल्याबिगर मला कळायचं कसं, बरुबर झालंय का न्हाई?"

म्हणजे घाई दुहेरी होती. आबांना गाव दाखवायचे होते, आणि आबांच्या डोळ्यांनी ते तपासून घ्यायचे होते. ते डोळे गेले की चूक दाखवणारे कुणी उरणार नव्हते.

आठ दिवसांत मी यंत्रणा उभी केली. पाणी भरण्यापूर्वी नळ्यांत हातपंपाने हवा भरून ठेवली आणि कुठे गळती नाही ना म्हणून दाबाचा काटा खाली येत नाही हे दिवसभर पाहिले. मग पाणी भरले. आबा समोर बसून होते.

"बाई, ह्ये पानी कुटलं?"

"दुकानातलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते."

"चव कशी असती त्याची?"

"चव नसते. वाफ करून परत पाणी केलेलं असतं. त्यात काहीच नसतं."

"काहीच नसलेलं पानी," आबा म्हणाले.

नवीन भरलेल्या पाण्यात हवेचे बुडबुडे अडकतात. ते काढण्यासाठी पेटी हळूहळू एका कुशीवर, मग दुसऱ्या कुशीवर कलवावी लागते, झोपलेल्या मुलाला उचलताना करतो तितक्या हळू. बुडबुडे नळीतून वर जातात, कोपऱ्याशी थबकतात, एकमेकांत मिळतात, टाकीत येऊन फुटतात. माझ्या कामातला हा भाग मला सर्वांत प्रिय आहे. त्या दुपारी आबा, भागवत आणि मी तिघेही कितीतरी वेळ ते पाहत होतो. खिडकीतले ऊन टाकीतून झिरपून टेबलावर पडले होते आणि टेबलाचे लाकूड पाण्यासारखे हलत होते. शाळेची घंटा झाल्याचा मला भास झाला, आणि आपल्याला आता कुठल्याच वर्गावर जायचे नाही हे कळून मी पुन्हा बुडबुड्यांकडे पाहत राहिले.

शेवटी मी टाकीवर रेघ आखली आणि खाली चिठ्ठी डकवली: पातळी या रेघेखाली गेल्यास पाणी घालावे.

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे.

नांदूरघाटला यंत्र चिंचेखाली उभे राहिले, बंद पडले नाही. भागवतने फोनवर सांगितले तेव्हा त्याचा आवाज उंच लागला होता. पुढच्या आठवड्यात एसटीने जाऊन मी स्वतः पाहून आले. आबा पडद्याजवळ खुर्चीत बसत, आणि डावा हात पेटीच्या माथ्यावर, जिथून वारा बाहेर पडतो त्या जाळीवर ठेवत. शेळीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहण्याची त्यांची सवय असावी. उजव्या हाताने ते चुका दाखवत. "सोनाराचं दार डाव्या अंगाला उघडायचं." "शिंप्याच्या पायरीला कोर पडली होती, बसून बसून झिजून." भागवत टिपून घेई, रात्रीतून दुरुस्त करी, दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवी. एप्रिलचा महिना असा गेला.

मेच्या आरंभी त्याचा फोन आला. "मॅडम, पानी हिरवं दिसायलंय. आन् मशीन पुन्हा तापायलंय."

मी गेले. टाकीतले पाणी खरोखरच हिरवे होते, बंद तळ्याच्या कडेला असते तसे. शुद्ध पाण्यात शेवाळ उगवायला काही कारण नसते. जंतू वाढू नयेत म्हणून मी औषधाचे दोन थेंबही घातले होते, स्वच्छ पाण्याला ते पुरतात. मी खोलीभर नजर फिरवली. खिडकीशी देव्हारा, देव्हाऱ्यापुढे तांब्याचा गडू, गडूवर पळी.

"या गडूत काय आहे?"

"गावचं पानी," आबा म्हणाले.

त्यांच्या गावचा देव पाण्याखाली आहे. वर्षातून एकदा सगळे गावकरी धरणाच्या काठावर जमतात, पाण्याकडे तोंड करून पूजा करतात आणि गडूभर पाणी घरी आणतात. ते देव्हाऱ्यात वर्षभर ठेवतात.

"आबा, तुम्ही यातलं पाणी मशीनमध्ये घातलंत?"

"घातलं की. रेघंखाली गेलतं." त्यांना माझ्या प्रश्नाचेच नवल वाटले. "तुमी लिवलेलं भागवत्यानं वाचून दावलं. पानी घालावं. आमी घातलं. दोन-चार पळ्या."

"मला वाटलं, आबा निस्तं टाकीकडं बघायलेत," भागवत पुटपुटला. मग आवाज चढवून, "आबा, विचारायचं तर खरं! शेवाळाचं पानी कुनी घालतं का मशीनमदी?"

"कावून न्हाई? गाव त्याच्याच खाली हाय न्हवं? गावाला गावचं पानी चालंना, आन् दुकानातलं चालतं?"

मी टाकीवरची माझी चिठ्ठी पुन्हा वाचली.  नवीन भरलेल्या यंत्रणेत अडकलेली हवा सुटत जाते तसतशी पातळी पहिल्या दिवसांत उतरते, हे मला ठाऊक होते. म्हणूनच मी चिठ्ठी लिहिली होती. कोणते पाणी, हे मात्र लिहिले नव्हते. एकतीस वर्षे मी उत्तरपत्रिकांत एकेका शब्दासाठी अर्धा गुण कापला. 'पाणी शंभर अंशाला उकळते' असे लिहिणाऱ्या मुलीला, 'समुद्रसपाटीला' हा शब्द कुठे आहे, म्हणून विचारले. आणि माझ्या स्वतःच्या वाक्यातून एक शब्द सुटला होता. आबांनी सूचना तंतोतंत पाळली होती. चूक सूचनेत होती.

ठोकळा मी तिथेच उघडला. तेही चुकले. शेवाळाने आतली, पाणी गळू न देणारी रबरी कडी धातूला चिकटली होती. ती भिजवून, वेळ देऊन सोडवायला हवी होती. मी ओढली आणि ती तुटली. खाचांत हिरवा थर होता, आणि भिंगाखाली पाहिले तेव्हा त्याखाली अतिशय बारीक काळी माती. तांब्याच्या त्या ओळी नांगरलेल्या शेतासारख्या दिसत होत्या. क्षणभर मला वाटले की मी विमानातून एखादे शिवार पाहते आहे, सकाळची वेळ आहे, आणि आता कुणीतरी शेळ्या घेऊन बांधावर येईल.

भिंग मी आबांच्या हाती दिले. त्यांनी मान तिरपी करून पाहिले.

"आमचाच गाळ हाय," ते म्हणाले. "काळाच असतोय."

नवी कडी बाहेरून यायला तीन आठवडे लागले. तोवर मी कार्डावर जुने पंखे परत बसवून दिले. खाचा दात घासायच्या मऊ ब्रशने आणि सौम्य व्हिनेगरने मी घरी धुतल्या. रोज थोड्या, भिंगाखाली, माती पांढऱ्या कागदावर घेत. मशीन पूर्वीसारखेच चिंचेपाशी बंद पडू लागले. आबा रोज तेवढेच गाव पाहत आणि उतारावर थांबत. मी दर दोन दिवसांनी भागवतला विचारी, डोळे कसे आहेत? तो सांगे, तसेच हायत. तिसऱ्या आठवड्यात त्याने तसे म्हणायचे सोडले.

जूनमध्ये यंत्रणा पुन्हा बसवून मी नांदूरघाटला घेऊन गेले. या वेळी चिठ्ठी नवी होती: पातळी या रेघेखाली गेल्यास फक्त बॅटरीचे शुद्ध पाणी घालावे, दुसरे कोणतेही पाणी, देवाचेही, घालू नये. आबांनी ती भागवतकडून वाचून घेतली आणि ते हसले. "देवाचं नाव घालून मना केलं बाईनं."

मग ते खुर्चीत बसले. भागवतने गाव सुरू केले. सोनाराचे दार आता डाव्या अंगाला उघडत होते. आबांनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली, आणि पडद्यावरचा एकेक तुकडा शोधत राहिले.

"नळीतून बघितल्यावानी दिसतंय," ते म्हणाले. "दार दिसतंय. गल्ली दिसत न्हाई."

 ते तीन आठवडे माझ्या एका शब्दाने आणि माझ्या घाईने खाल्ले होते. डोळे तसेही जाणारच होते, असे भागवत मला नंतर म्हणाला. ते खरे असेल. पण गल्ली दिसण्याचे काही दिवस त्यात होते, आणि ते मी परत देऊ शकत नाही.

आबांनी पाहणे सोडून दिले. डोळे मिटले, आणि डावा हात नेहमीसारखा जाळीवर ठेवला. भागवत गाव पुढे नेत राहिला. शिंपी, तेली, उतार. आबांनी सांगितले म्हणून तो चिंचेखाली थांबला. पंख्यांचा आवाज एकसारखा येत होता, बाहेर कुठे पिठाची गिरणी चालू होती. पाच मिनिटे गेली असतील, सात गेली असतील.

"एक चिंच कमी हाय," आबा म्हणाले.

भागवतने चमकून पाहिले. "आबा, दिसायलंय तुमाला?"

"दिसत न्हाई. वारा कमी ऊन हाय. तवा जास्ती यायचा."

भागवतचा चेहरा उतरला होता. त्याने हळूच मला सांगितले. जुन्या पंख्यांच्या दिवसांत मशीनवरचा भार कमी व्हावा म्हणून त्याने मागची, तिसरी चिंच काढून टाकली होती. तरीही ते बंद पडतच राहिले, आणि चिंच परत लावायचे राहून गेले. पडद्यावर आम्ही मोजल्या. दोनच होत्या.

शिक्षकाच्या मनाला अशा वेळी आनंदाआधी शंका येते. आबांनी त्या नळीएवढ्या नजरेने आधीच पाहिले असेल तर? एप्रिलपेक्षा जूनमध्ये खोलीच गार होती, त्यामुळे वारा निवलेला वाटला असेल आणि अंदाज योगायोगाने लागला असेल तर? म्हणून मी आबांना विचारले, परीक्षा घेऊ का? ते म्हणाले, "घ्या. साळंत बसायचं ऱ्हाऊनच गेलंतं."

आबांची खुर्ची पडद्याकडे पाठ करून ठेवली. पंख्यांचा वेग एकच बांधला, म्हणजे आवाजावरून कळू नये. भागवतला अंगणात पाठवले, त्याच्या श्वासावरूनही त्यांना कळेल असे मला वाटत होते. सोनाराचे दार, तेल्याची गल्ली, चिंचा आणि नदीकाठचे मोकळे रान अशा चार चिठ्ठ्या करून मी एकेक उचलली, त्या जागी जाऊन थांबले आणि विचारले.

बहुतेक वेळा ते बरोबर होते. चिंच आणि मोकळे रान यांत तर त्यांचा गोंधळ एकदाही झाला नाही. दोनदा चुकले. दुसऱ्यांदा चुकल्यावर त्यांनीच मला थांबवले.

"बाई, तुमी लई घाई करता. पान्याला यायला येळ लागतो."

ते खरे होते, आणि ते मला कळायला हवे होते. कार्ड तापते तत्काळ, पण एवढे पाणी तापून त्याची ऊब वरच्या जाळीत उतरायला काही मिनिटे जातात. त्या चुकलेल्या दोन्ही वेळी मी पुरेशी थांबले नव्हते, आणि त्यांच्या हाताला आधीच्या जागेचा वारा लागत होता. ते सांगत होते ते चूक नव्हते, फक्त मागचे होते.

संध्याकाळी निघण्यापूर्वी भागवतने तिसरी चिंच तिच्या जागी परत लावली. आबांनी हात ठेवला. आम्ही थांबलो. या वेळी मी घड्याळाकडे पाहिले नाही. डोळे मिटून मीही दुसऱ्या बाजूने जाळीवर तळहात ठेवला. आधी काहीच वेगळे वाटले नाही. मग कुठूनतरी, अगदी सावकाश, ऊब वर चढत आली, दुपारी झाडाखाली बसलेल्या जनावरांच्या अंगाची असते तशी.

"आता बरुबर," आबा म्हणाले. "आता बसतील शेळ्या."

आज त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. गाव पूर्ण झाले आहे. भागवत रोज दुपारी ते सोनाराच्या दारापासून सावकाश चालवतो, प्रत्येक ठिकाणी पाणी येईपर्यंत थांबतो, आणि आबा जाळीवर हात ठेवून त्याच्याबरोबर जातात.

परीक्षा मी एकदाच, एकाच माणसाची, एकाच यंत्रावर घेतली. माझ्या स्वतःच्या हाताला चिंच कळली असे मला वाटले, पण ती तिथे आहे हे मला आधीच माहीत होते, म्हणून ते उत्तर मी धरत नाही. या प्रश्नाला एवढ्यावर पूर्ण गुण देता येणार नाहीत. ज्यांच्याकडे पाण्याने निवणारा संगणक असेल त्यांनी पंख्यांचा वेग बांधून ठेवावा, एक दाट झाडीचे आणि एक मोकळ्या मैदानाचे अशी दोन चित्रे घ्यावीत, आणि घरातल्या कुणाला तरी डोळे बांधून बाहेरच्या वाऱ्यावर हात धरायला सांगावे. प्रत्येक चित्रावर निदान दहा मिनिटे थांबावे. उत्तर बरोबर येवो वा चूक, दोन्ही लिहून ठेवावे. माझ्यावर विश्वास ठेवू नका. कृपया आपण स्वतः करून पाहा.